दोघांपुरती चूल

दोन्ही सुना एकाच दिवशी माहेरी गेल्या, त्याला कारण सुमनबाईंचा राग.

वाद तसा जुनाच होता. भाऊबीजेला एका वर्षी थोरल्या मनीषानं सायखेड्याला जायचं, दुसऱ्या वर्षी धाकट्या शुभांगीनं घोटीला, आणि जी मागं राहील तिनं घर सांभाळायचं, हा नेम सुमनबाईंनीच घालून दिला होता. पण गेल्या दिवाळीत सनीला गोवर निघाला आणि त्याच्या आईचं, म्हणजे मनीषाचं, जाणं हुकलं. आता ती पाळी धरायची की सोडायची? लक्ष्मीपूजनाच्या दुपारी करंज्या तळता तळता हा प्रश्न वर आला. मनीषा म्हणाली, "गोवर काय मी बोलावला होता?" शुभांगी म्हणाली, "मग मी बोलावला होता का?" महेश आपल्या बायकोच्या बाजूनं स्वयंपाकघरात डोकावला, गेणू आपल्या बायकोच्या बाजूनं. चार तोंडं एकदम सुरू झाली तसा सुमनबाईंनी झारा कढईवर आपटला.

"दोघी जा! नवऱ्यांना घेऊन जा, पोरांना घेऊन जा. भाऊबीज होस्तोवर घरात एक माणूस मला दिसायला नको!"

सासूनं असं म्हटलं म्हणजे सुनांनी "नको हो आई" म्हणायचं असतं. तेवढ्यासाठीच ते म्हटलेलं असतं. पण शुभांगीनं हातातली करंजी परातीत ठेवली आणि डोळे मोठे करून विचारलं, "खरंच?"

तिथंच सगळं फसलं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधे एक दिवस रिकामा आला होता. त्या सकाळी महेश आणि मनीषा सनीला पुढं बसवून मोटरसायकलवर सायखेड्याला गेले, गेणू आणि शुभांगी तेजलला घेऊन एसटीनं घोटीला. झेंडूची धांदल आदल्या संध्याकाळीच संपली होती. लक्ष्मीपूजन झालं की झेंडूला कुत्रं विचारत नाही. दसऱ्यापासून तोडणी, हार ओवणं, अंधारातच फूलबाजार गाठणं, यात दिवस कधी उगवला आणि कधी मावळला हे मखमलाबादच्या त्या घरात कोणाला कळलं नव्हतं. आता एकाएकी काम नव्हतं, आणि माणूसही नव्हतं.

सुमनबाईंनी सवयीनं भाकरी थापायला घेतल्या. टोपलं भरलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

"एवढ्या भाकरी कोणाला?" त्यांचे यजमान धोंडीराम दारात येऊन उभे राहिले होते.

"गाईला."

"गाय तर आपण मागच्या साली विकली."

"मंग तुम्हाला!" सुमनबाई खेकसल्या. खेकसल्यावर त्यांनाच बरं वाटलं. इतक्या शांततेत आवाज काढायला काहीतरी निमित्त हवंच होतं.

धोंडीरामांनी पाट मांडला. मग थोडं थांबून दुसरा मांडला. "तू पण बस."

"मी मागून बसते."

"मागून म्हंजे कोणाच्या मागून? मी एकटाच हाय."

लग्न होऊन आल्यापासून या घरात आधी पुरुष जेवत, मग पोरं, मग सासू, आणि सगळ्यांत शेवटी चुलीकडं तोंड करून सुमनबाई. सासू जाऊन बारा वर्षं झाली, चुलीच्या जागी गॅस आला, पण भिंतीकडं तोंड करून जेवायची खोड तशीच राहिली होती. आज त्या नवऱ्यासमोर बसल्या. नव्या नवरीसारखं अवघडल्यागत झालं. मग मेथीच्या भाजीचा वास आला, भूक लागलेलीच होती, आणि त्या जेवू लागल्या.

समोरचा घास मधेच थांबला.

"सुमे," धोंडीराम म्हणाले, "तू डाव्या हातानं जेवू राहिलीस."

सुमनबाईंनी आपल्या हाताकडं पाहिलं. चोरी पकडावी तसा तो हात त्यांनी पदराआड नेला. त्यात त्या हाताला भाजी लागलेली, ती पदराला पुसली गेली.

"डावखुरी हायेस?"

"लहानपणापासून."

"आन् मला आज कळतंय?"

"तुम्हाला कसं कळणार? लग्नानंतर पहिल्याच दिवशी तुमच्या आईनं बोटांवर पळी हाणली. म्हणल्या, डावरी सून आमच्या वंशात नाय. तेव्हापासून चारचौघांत उजवा. एकटी असले की डावा."

धोंडीरामांनी घास खाली ठेवला. "पस्तीस वर्षं मी डावखुऱ्या बाईबरोबर संसार केला!"

"मंग? बिघडला का कुठं?"

"तसं नाय, पण..." ते विचारात पडले. "हार ओवायचीस तो?"

"डाव्यानं. तुमची पाठ असली की."

"आन् पोरांना धोपटायचीस ते?"

"ते दोन्ही हातांनी."

धोंडीराम हसले, ते एकदम मोकळं, छातीतून. आणि मग त्यांनी जे केलं त्यासाठी सुमनबाई तयार नव्हत्या. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेतला, पाठीला पोक काढला, खालचा ओठ आत ओढला, आणि कैलासवासी सासूबाई साक्षात पाटावर येऊन बसल्या. "डावरी सून! आगं बाई बाई बाई! उद्या ही देवाला डाव्या हातानं फूल वाहील आन् देव घर सोडून दिंडोरीला जाईल!"

आवाज तोच, मान हलवणं तेच, "दिंडोरीला" म्हणताना नाकात जाणंही तेच. सुमनबाईंना आधी भीतीच वाटली. मग हसू फुटलं, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. धोंडीरामांना चेव चढला. त्यांनी महेशच्या लग्नात रुसून बसलेले मनीषाचे मामा केले, गळ्यात सोन्याची साखळी घालून भाव पाडणारा बाजारातला व्यापारी केला, शेजारच्या नवसाबाई केल्या.

"हे कधी शिकलात तुम्ही?"

"शिकलो कुठं? बांधावर बसून एकटाच करत असतो. घरात कोणापुढं करणार? ज्यांची नक्कल, ते सगळे घरातच."

पाडव्याच्या सकाळी सुमनबाईंनी त्यांना ओवाळलं. दरवर्षी हे ओवाळणं सगळ्या घरादारासमोर व्हायचं. पोरं दात काढायची आणि धोंडीराम भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसायचे. आज बघायला कोणी नव्हतं. धोंडीराम सरळ बायकोकडं बघत बसले. त्यामुळं सुमनबाईंचं तबक दोनदा हललं आणि कुंकू कपाळाऐवजी भुवईवर लागलं.

"चल," ते कुंकू तसंच ठेवून म्हणाले, "मिसळ खायला जाऊ."

"ह्या वयात?"

"मिसळीला काय वय लागतं?"

धोंडीरामांच्या एम-एटीवर आजवर त्यांच्या मागं फुलांच्या पाट्या बसल्या होत्या, बायको कधी नव्हती. त्यामुळं सुमनबाई बसल्यावर गाडीचा तोल राहीना. "सरळ बस," "सरळच बसलेय," "मंग गाडी का वाकडी चालतेय?" असं करत ते नवसाबाईंच्या ओट्यासमोरून निघाले. नवसाबाई धावत खाली उतरल्या.

"आगं बाई! कोणाला दवाखान्यात नेऊ राहिले?"

"कोणाला नाय!" सुमनबाई ओरडल्या. पण गाडी पुढं गेली होती, आणि नवसाबाईंना त्यातलं "नाय" तेवढं ऐकू आलं.

मिसळीच्या टेबलावर आणखी शोध लागले. सुमनबाईंनी काळ्या मसाल्याचा रस्सा तीनदा मागून घेतला आणि त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूस आला नाही. धोंडीरामांचे कान लाल झाले, नाक वाहायला लागलं, आणि शेवटी त्यांनी पोऱ्याला हळूच दही आणायला सांगितलं.

"तुम्हाला तिखट झेपत नाय?"

"कधीच झेपलं नाय."

"मंग घरात 'अजून झणझणीत कर' म्हणून कोण ओरडायचं?"

"आमचा बाप ओरडायचा. त्याच्या मागं मला ओरडावंच लागलं. तिखट खात नाय म्हणलं असतं तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

सुमनबाईंनी त्या दिवसापासून ठेचा वेगळा वाटायचं मनात ठरवलं.

येताना शेवंतीला पाणी द्यायला दोघं मळ्यात उतरले. गेणू नव्हता, त्यामुळं मोटर सुरू करायला कोणी तरी जायला हवंच होतं. विहिरीशेजारी पंपाची खोली होती. तिच्या पुढं पत्र्याची पडवी, आणि पडवीसमोर कमरेएवढी पांढरी शेवंती. पाणी सरीत वाहत होतं. मोटरीचा एकसुरी आवाज येत होता. कोणी "आई" म्हणून हाक मारत नव्हतं. सुमनबाई पडवीत पाय पसरून बसल्या.

"हितंच राहावं वाटतंय," त्या म्हणाल्या.

असं माणूस म्हणतच असतं. त्र्यंबकला गेलं की म्हणतं, गंगेवर गेलं की म्हणतं. पण धोंडीराम म्हणाले, "राहू की," आणि उठून खोलीतली खतांची पोती बाहेर काढायला लागले.

"आवो, मी उगाच म्हणलं!"

"मी उगाच नाय म्हणलं. उद्या ती सगळी येतील. मंग तू चुलीकडं तोंड करून बसशील आन् मी घड्याळाकडं."

सुमनबाई उठल्या, पदर खोचला आणि केरसुणी शोधायला लागल्या.

त्या संध्याकाळी दोन गोधड्या, स्टोव्ह, तवा, चार भांडी आणि देवघरातला एक बाळकृष्ण एम-एटीवरून मळ्यात गेला. नवसाबाई ओट्यावरून बघत होत्याच. गोधड्या आणि देव एकदम घराबाहेर निघाले, यावरून काय समजायचं ते त्या समजल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. धोंडीरामांची थोरली बहीण भागुबाई घोटीला राहत. त्यांच्या लग्नानंतरची एकही भाऊबीज धोंडीरामांनी चुकवली नव्हती. सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. निघता निघता म्हणाले, "तू काय करशील दिवसभर?"

"माझं काय. संध्याकाळी चंद्राला ओवाळीन."

"चंद्राला?"

"मला भाऊ कुठं हाय? ज्यांना भाऊ नसतो त्यांनी चंद्राला ओवाळायचं असतं. दरसाल ओवाळते. गच्चीवर जाऊन."

"मी कधी पाहिलं नाय."

"कसं पाहाल? तुम्ही दर भाऊबीजेला घोटीत."

धोंडीरामांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. सुमनबाईंनी परोपरीनं सांगितलं. आक्का वाट बघतील, आकांत करतील, भावकीत वाट लावतील. धोंडीराम एवढंच म्हणाले, "एक साल बघू दे मला."

पुढचं सगळं सुमनबाईंना मागाहून कळलं. भागुबाईंनी दुपारपर्यंत तबक घेऊन वाट पाहिली. मग घरी फोन लावला. तो वाजून वाजून बंद पडला. मग नवसाबाईंना लावला. नवसाबाई म्हणाल्या, "काय सांगू आक्का, काल सकाळी दोघं दवाखान्यात गेली होती, संध्याकाळी गोधड्या आन् देव घेऊन घराबाहेर पडली." एवढं बस झालं. भागुबाईंनी गावातली एक जीप बोलावली, घोटीतच असलेल्या गेणूला आणि शुभांगीला तेजलसकट त्यांच्या पंगतीतून उठवून जीपमध्ये घातलं आणि सायखेड्याला महेशला फोन केला: "तुझे आईबाप रस्त्यावर आलेत, निघ!"

ऊन उतरलं होतं. सुमनबाई पडवीत तबक लावत होत्या आणि धोंडीराम त्यांच्यासमोर टॉवेल डोक्यावर घेऊन, ताटली हातात धरून भागुबाई झाले होते.

"आला नाय ना माझा भाऊ? येईल कसा! बायकोनं पदराला गाठ मारून ठेवलाय त्याला! पण मी कोणाला काय बोलत नाय बाई. माझा सोभावच नाय तसा. मी आपली गप, मी आपली गरीब..."

सुमनबाई हसून हसून वाकल्या. वर पाहिलं तर बांधावर खऱ्या भागुबाई उभ्या. त्यांच्या हातातही तबक. मागं गेणू, कडेवर तेजल घेतलेली शुभांगी, आणि मोटरसायकल टाकून पळत येणारे महेश, मनीषा, सनी. सुमनबाईंनी डोळ्यांनी खुणावलं. धोंडीरामांना वाटलं, नक्कल रंगली.

"मी आपली गरीब! बत्तीस दातांत जिभेसारखी..."

"थांबलास का?" भागुबाई म्हणाल्या. "पुढं बोल. जिभेचं काय?"

धोंडीरामांनी डोक्यावरचा टॉवेल काढला, पण ताटली कुठं ठेवावी हे त्यांना सुचेना.

"आक्का, मी विसरलो..."

"विसरलास! थोरली बहीण विसरलास, आन् तिच्या बोलण्यातला शब्द न् शब्द ध्यानात हाय तुझ्या!" त्या पडवीत येऊन दाणकन बसल्या. "ते मागून बघते. आधी सांग, कुठल्या सुनेनं काढलं तुम्हाला?"

मनीषानं शुभांगीकडं पाहिलं. शुभांगीनं मनीषाकडं.

"मी घोटीत होते," शुभांगी म्हणाली.

"आणि मी काय सायखेड्यातून काढलं?" मनीषा म्हणाली.

महेशनं वडिलांकडं पाहिलं आणि गेणूचा दंड धरला. "तू काही बोललास नानांना? धंद्यावरून?"

"मी? दसऱ्याला तूच म्हणला ना, नानांनी आता आराम करावा!"

"आराम करावा म्हणजे पंपाच्या खोलीत?"

"कोणी काढलं नाय आम्हाला," सुमनबाई म्हणाल्या. "आम्ही आमचे निघालो."

हाकलून दिलं असतं तर ते समजण्यासारखं होतं. कोणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. आपखुशीनं निघालेल्या म्हाताऱ्यांचं काय करायचं, हे त्या बांधावर कोणालाच ठाऊक नव्हतं.

"पण का?" महेशनं विचारलं. तो सातपूरच्या कंपनीत सुपरवायझर होता. कारण कळल्याशिवाय त्याला पुढं जाता येत नसे.

सुमनबाईंनी सांगायचा प्रयत्न केला. "तुझे वडील नकला करतात," त्या म्हणाल्या. मग त्यांनाच वाटलं, हे काही कारण नव्हे. "आन् मी डावखुरी हाय."

महेशनं गेणूकडं पाहिलं. नवसाबाई दवाखान्याचं म्हणत होत्या ते खरं असावं, असं दोघांच्याही चेहऱ्यावर आलं.

"लोक शेण घालतील आमच्या तोंडात," गेणू म्हणाला. "दोन कर्ते पोरगे असताना आईबाप मळ्यात! आणि पहाटे बाजाराला मला उठवणार कोण?"

"तिशी उलटली तुझी," धोंडीराम म्हणाले.

"म्हणून काय झोप कमी होते?"

"सनी-तेजल शाळेतून आल्यावर कोणाकडं बघतील?" मनीषा म्हणाली. "माझे शिवणाचे क्लास असतात."

मग शुभांगी रडायलाच लागली. सगळ्यांना वाटलं, सासूच्या मायेनं. पण ती हुंदके देत म्हणाली, "म्हणजे घरात आम्ही दोघीच? मधे आई नाहीत?"

"म्हणजे मी काय तुला खाते?" मनीषा उसळली.

"खात नाही, पण बोलत पण नाही! काही झालं की 'आई, हिला सांगा' म्हणता. आई नसल्या तर कोणाला सांगणार?"

"आणि तू काय करतेस? तू पण 'आई, त्यांना सांगा' म्हणतेस!"

"मग सांगू कशी? तुम्ही थोरल्या!"

"सांगायचं तोंडानं! आता सांगतेयस ना, तसं!"

आता गेणू बायकोला आवरायला लागला, महेश त्याला "तू मधे पडू नको" म्हणाला, भागुबाईंनी दोघांनाही "तुमची जीभ लई वाढली" म्हणून झापलं, तेजलनं भोकाड पसरलं, आणि सनी मिळतील ती शेवंतीची फुलं तोडून विहिरीत टाकू लागला. सुमनबाईंचं लक्ष मात्र वर गेलं होतं. मावळतीला, बाभळीच्या वर, नखाच्या कातरीएवढी चंद्रकोर उतरत होती. बीजेचा चंद्र तो. दिसला न दिसला तोच जातो. या गोंधळात उठावं कसं?

"गप्प बसा!"

हा आवाज कोणाची नक्कल नव्हता. धोंडीराम असे ओरडलेले पोरांनी कधी ऐकले नव्हते. तेजलसुद्धा थांबली.

"तिचा भाऊ चाललाय," ते चंद्राकडं बोट करून म्हणाले. "आधी तिला ओवाळू द्या. मंग भांडा."

सुमनबाई उठल्या. तबकातलं निरांजन वाऱ्यानं फडफडत होतं, त्याला मनीषानं पुढं होऊन ओंजळीचा आडोसा केला. शुभांगीनं दुसऱ्या बाजूनं केला. सुमनबाईंनी तबक उचललं, ते डाव्या हातात. उचलल्यावर ध्यानात आलं, क्षणभर थबकल्या. मग तसंच, डाव्याच हातानं, त्यांनी चंद्राला ओवाळलं. अक्षता टाकल्या. सासूला भाऊ नाही हे दोन्ही सुनांना माहीत होतं, पण दर भाऊबीजेला त्या गच्चीवर कशाला जातात, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. जी घरी राहिलेली असायची ती माहेरच्या आठवणीनं फुगून बसलेली असायची.

"म्हणून आला नाहीस?" भागुबाईंनी हळू आवाजात भावाला विचारलं.

धोंडीराम मान खाली घालून उभे होते. "पस्तीस सालांत पाहिलं नव्हतं, आक्का."

भागुबाई तोंडाला पदर लावून खाकरल्या.

"आमच्या घरात चौदा माणसं," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्याशी मी धड बोलले ती दवाखान्यात. आठ दिवस. तेही नर्स बाहेर गेली की. तेव्हा कळलं, माणूस लई गमतीचा होता." त्यांनी नाक ओढलं. "नवव्या दिवशी गेले."

महेशनं घसा साफ केला. "आत्या, ते बरोबर आहे, पण लोकांना सांगायचं काय?"

"सांगायचं, म्हातारा शेवंतीच्या राखणीला गेलाय."

"आणि आई?"

"ती म्हाताऱ्याच्या राखणीला."

गेणू हसला आणि लगेच गंभीर झाला. "पण आत्या..."

"पणबीण नाय! सणवाराला घरी येतील. नातवंडं शाळा सुटली की हितं येतील, विहिरीला कठडा घाला आधी. आन् तू," त्या गेणूला म्हणाल्या, "घड्याळाला गजर असतो म्हणं." मग त्यांनी आपलं तबक पुढं ओढलं. "बस खाली, धोंड्या. ओवाळू दे. तुझ्यापायी उपाशी हाय मी."

धोंडीराम बसले. टिळा लागला, करंजी तोंडात कोंबली गेली. भागुबाई उठता उठता म्हणाल्या, "आन् ते मघाचं परत कर."

"काय?"

"माझं. 'मी आपली गरीब' म्हणताना मी मान डावीकडं नाय टाकत, उजवीकडं टाकते. करायचं तर नीट कर."

धोंडीरामांनी घाबरत घाबरत टॉवेल डोक्यावर घेतला. पहिल्याच वाक्याला सनी खिदळला, मग शुभांगी, मग मनीषा. शेवटी महेश हसता हसता खतांच्या पोत्यावर बसला. वडिलांना असं काही येतं हे दोन्ही पोरांनी आज पाहिलं. भागुबाई मात्र बारकाईनं बघत होत्या आणि मधूनमधून "हात वर, अजून वर" असं सांगत होत्या.

जीप गेली, मोटरसायकल गेली. त्या रात्री सुमनबाईंना झोप लागायला वेळ लागला. घरी काय चाललं असेल? दोघी एकमेकींशी बोलत नसतील. दुधाचं पातेलं कोणी झाकलं नसेल. सकाळी एक जण रडत येईल, मागून दुसरी. आपल्याला चार दिवसांत परत जावं लागणार, याची त्यांनी मनाची तयारी करून ठेवली. खरं सांगायचं तर त्यात थोडं सुखही होतं.

सकाळी दव होतं. त्या पडवीत स्टोव्हला पंप मारत होत्या, तोच पाटाच्या कडेनं दोघी येताना दिसल्या. मनीषाच्या हातात डबा, शुभांगीच्या हातात दुधाची किटली. दोघी एकदम येत होत्या हेच नवल. शुभांगी काहीतरी सांगत होती, मनीषा चालता चालता थांबून हसत होती, पुन्हा चार पावलं टाकत होती आणि पुन्हा थांबत होती. तिला असं हसताना सुमनबाईंनी पाहिलं नव्हतं. मग दोघींची नजर पडवीकडं गेली आणि दोघी एकदम गप्प झाल्या. पदर सारखा केला. सासू दिसल्यावर सुना गप्प होतात, तशा.

सुमनबाईंचा हात पंपावर थांबला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण मधे आहोत म्हणून या दोघींचं घर चाललंय.

"या," त्या म्हणाल्या. "चहा टाकू का?"

"नको आई," मनीषा डबा ठेवत म्हणाली. "आम्ही दोघींनी घरी घेतला. ओट्यावर बसून."

"गेणू उठला?"

"नाही ना!" शुभांगीला पुन्हा हसू आलं. "ताईंनी तांब्याभर पाणी ओतलं ह्यांच्यावर."

"तूच म्हणालीस ओता म्हणून!"

दोघी आल्या तशा गेल्या. क्लासची वेळ झाली होती, पोरांच्या आंघोळी व्हायच्या होत्या. बांधापलीकडं गेल्यावर त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते.

धोंडीराम विहिरीवरून तोंड धुऊन आले. "काय म्हणत होत्या?"

"काय नाय." सुमनबाईंनी काडी ओढली, स्टोव्ह पेटवला. ज्योत निळी व्हायला थोडा वेळ लागला. "दोघींनी मिळून चहा घेतला."

"मंग?"

"मंग काय. आता बोलावणार नाय कोणी आपल्याला."

धोंडीरामांनी तोंड पुसता पुसता यावर विचार केला. बायकोकडं पाहिलं, खोलीच्या दाराकडं पाहिलं, आणि म्हणाले, "मंग दाराला आतून कडी बसवून घेतो आजच."

सुमनबाईंनी ओलं फडकं फेकून मारलं. ते बरोबर त्यांच्या टोपीवर बसलं. डाव्या हाताचा नेम होता तो.